आम्ही की आपण

पुण्या-मुंबईची माझ्या पिढीची माणसं जुन्या टीव्हीबद्दल बोलायला लागली की मी श्रोत्याच्या खुर्चीत जाऊन बसते. चिमणराव-गुंड्याभाऊ, 'गजरा', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं', 'श्वेतांबरा'. एकानं नाव काढायचं, दुसऱ्यानं सुरुवातीची धून गुणगुणायची, तिसऱ्यानं दिलीप प्रभावळकरांची नाहीतर बाळ कर्व्यांची नक्कल करायची. माझ्या मामेभावंडांच्या या मैफलीत मी कायमची पाहुणी, कारण मी दिल्लीत वाढले.

तसं पाहिलं तर भारतातला टीव्ही जन्मला दिल्लीतच, १५ सप्टेंबर १९५९ ला. मुंबई केंद्राला त्यानंतर १३ वर्षं, २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. पण या थोरलेपणाचा दिल्लीच्या मराठी घरांना काही उपयोग नव्हता. मुंबईच्या टीव्हीवर मराठी होतं, आमच्या टीव्हीवर नव्हतं. आमच्याकडे संध्याकाळी 'कृषिदर्शन' लागे. ते २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीभोवतीच्या ८० खेड्यांसाठी सुरू झालं होतं. सरोजिनीनगरच्या भाजीबाजारापलीकडे शेतीशी संबंध नसलेल्या आम्हा मुलांना गव्हावरच्या रोगांची हिंदी नावं पाठ झाली होती. गंमत म्हणजे रेडिओवरच्या मराठी बातम्या मात्र दिल्लीहून जात. संसद मार्गावर बसून कुणी वाचलेल्या त्या बातम्या साताऱ्यात माझी आजी ऐकत असे आणि आम्हाला पत्रात लिहून कळवत असे की दिल्लीत फार थंडी पडली आहे म्हणे.

तेव्हा टीव्हीच्या आठवणींचा माझा वाटा हिंदी आहे. 'हम लोग', 'रजनी', 'बुनियाद', 'तमस', 'वागले की दुनिया'. ही नावं घेतली की हल्ली सगळेच एक वाक्य बोलतात: 'तेव्हा एकच चॅनल होतं, म्हणून आपण सगळे एक होतो.' हे वाक्य मी दिल्लीत हिंदीतून ऐकलं आहे, पुण्यात मराठीतून ऐकलं आहे आणि बंगळुरूच्या एका लग्नात इंग्रजीतूनही. त्यातला 'एकच चॅनल' हा भाग जवळजवळ खरा आहे. 'आपण सगळे एक' या भागाबद्दल मला थोडं सांगायचं आहे.

आम्ही नेताजीनगरात राहायचो. केंद्र सरकारच्या बाबूंसाठी बांधलेली दुमजली क्वार्टरं, समोर हिरवळीचा तुकडा, कडेला कडुनिंब आणि जांभळाची झाडं. एका जिन्यावर चार घरं. खाली एका बाजूला सरदारजींचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला अलाहाबादकडचं. वर एका बाजूला आम्ही, समोर तंजावरकडचे एक अंकल-आंटी. विंध्याच्या खालचा तो मद्रासी, असा तेव्हाच्या दिल्लीचा सरळ हिशेब होता. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं खालच्या मजल्याच्या दृष्टीनं वरच्या मजल्यावर दोन मद्रासी कुटुंबं राहत होती. खऱ्या मद्रासी आंटींना याची फार गंमत वाटायची. त्या आईला म्हणायच्या, 'भाभी, आज सांबार आप बनाइए.'

रंगीत टीव्ही आला तो १९८२ मध्ये, एशियाडच्या निमित्तानं. १५ ऑगस्टपासून दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्यासाठी हट्ट धरणारे मंत्री होते वर्ध्याचे खासदार वसंत साठे. बाबांना याचा कोण अभिमान. 'आपल्या साठ्यांनी रंग आणला,' असं ते जिन्यात सगळ्यांना सांगत. आमच्या घरी मात्र लाकडी शटरचा काळा-पांढरा संचच होता. रंग होता तो खाली, सरदारजी अंकलकडे. त्यांनी एशियाडच्या आधी रंगीत टीव्ही घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची बैठकीची खोली ही साऱ्या जिन्याची खोली झाली. सतरंजीवर मुलं, दिवाणावर बायका, दाराच्या चौकटीला टेकून पुरुष. खोलीच्या मधोमध एका वेताच्या खुर्चीत बीजी, म्हणजे अंकलच्या आई. लायलपूरहून १९४७ मध्ये आलेल्या. बीजी या साऱ्या जिन्याच्याच बीजी होत्या. आईसुद्धा त्यांना बीजीच म्हणे. १ डिसेंबरला हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं भारताला ७-१ असं हरवलं तेव्हा पाचव्या गोलनंतर अंकलनी उठून टीव्ही बंद केला होता. बीजींनी त्यांना तो परत लावायला लावला. 'घर आए लोकां नूं उठाईदा नहीं,' म्हणाल्या. घरी आलेल्या लोकांना उठवायचं नसतं.

त्या खोलीत ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झालं.

'हम लोग'ची कल्पनाही साठ्यांच्याच एका दौऱ्यातून आली होती. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांपर्यंत पोहोचवतात, हे ते १९८२ मध्ये पाहून आले होते. लिहिलं मनोहर श्याम जोशींनी, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं. चित्रीकरण आमच्यापासून फार लांब नव्हे, गुडगावला. कलाकार पुष्कळसे दिल्लीच्या हिंदी रंगभूमीवरचे. बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे. दारू पिणारा बाप बसेसर राम, सोसणारी आई भागवंती, आजी आणि आजोबा. बाजूला मॅगीची जाहिरात. आज ते भाग पाहिले तर सेटच्या भिंती हलतात की काय असं वाटतं. पण त्या घरातली भांडणं आमच्या क्वार्टरच्या पातळ भिंतींतून येणाऱ्या भांडणांसारखीच होती: बदली, हुंडा, उधारी, नोकरीचा अर्ज.

आईचं हिंदी 'हम लोग'नं घडवलं. सातारच्या माहेराहून ती दिल्लीत आली तेव्हा भाजीवाल्याशी बोलायला तिला बाबा लागत. 'मेरेको होना' असं ती म्हणे आणि भाजीवाला हसे. बडकी ज्या पद्धतीनं बोलायची ते आईनं उचललं. हळूहळू ती 'जी' लावायला लागली, 'ने' लावायला लागली, बायकांत बसून सासूची नक्कल करायला लागली. बीजींचं पंजाबी, अलाहाबादच्या भाभींचं पुरबी वळणाचं बोलणं आणि तंजावरच्या आंटींचं व्याकरणाच्या पुस्तकातलं हिंदी, या चौघींना एका जागी आणणारी भाषा त्या मालिकेची होती.

प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे. आजच्या गोष्टीतून काय घ्यायचं ते थोडक्यात सांगायचे, मधूनच 'छन्न पकैया' म्हणायचे, आणि पुढेपुढे निरोप घेताना 'हम लोग' हे दोन शब्द वेगवेगळ्या भारतीय भाषांत म्हणायला लागले. आमच्या जिन्यात यावरून रोज पैजा लागत. आज कुठली भाषा? आणि मराठीत त्यांनी काय म्हणायला हवं यावरून आमच्या घरात वाद पेटला.

बाबा म्हणाले, 'आम्ही लोक.'

आई म्हणाली, 'आम्ही कसं? आपण.'

मराठी न येणाऱ्या वाचकासाठी सांगते. मराठीत 'हम'ला दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसं. ज्याच्याशी बोलतेय तो त्यात नाही. 'आपण' म्हणजे मी आणि तूही. 'आम्ही जेवतो' म्हटलं तर समोरच्यानं निघायचं असतं; 'आपण जेवू' म्हटलं तर त्यानं हात धुवायचे असतात. हिंदीच्या 'हम'ला हा भेद करावा लागत नाही. बाबांचं म्हणणं असं की मालिकेतलं कुटुंब स्वतःबद्दल सांगतं आहे, 'आम्ही असे आहोत', म्हणून 'आम्ही'. आईचं म्हणणं, अशोककुमार माझ्याकडे बघून बोलतात, मग ते मला कसे वगळतील? समोरच्या तंजावरच्या अंकलनी हे ऐकलं तेव्हा ते खूष झाले. तमिळमध्ये हाच भेद आहे: 'नांगळ' आणि 'नाम'. ते आईच्या बाजूचे, 'नाम'वाले. खालची दोन्ही घरं आमच्याकडे बघत राहिली. 'हम तो हम है जी,' अलाहाबादचे भाईसाहब म्हणाले, 'इसमें क्या झगड़ा है?'

३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींना गोळ्या घातल्या गेल्या. एम्स आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या संध्याकाळीच एम्सच्या आसपासच्या रस्त्यांवर शिखांना बसमधून, स्कूटरवरून ओढून मारायला सुरुवात झाली होती. सरदारजी अंकल त्या रात्री ऑफिसातल्या कुणाच्या तरी गाडीत मागच्या बाजूला आडवे होऊन घरी आले.

१ नोव्हेंबरला सकाळी बाबांनी पेचकस घेऊन खालच्या दाराची नेमप्लेट काढली. अलाहाबादच्या भाभींनी त्या दाराला स्वतःच्या घरचं कुलूप लावलं. तंजावरचे अंकल जिन्याच्या पहिल्या पायरीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले, आणि खालचं कुटुंब आमच्या मागच्या खोलीत आलं. बीजी, अंकल, आंटी, माझ्याच वयाची त्यांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. यातलं काहीही कुणी कुणाला सांगून ठरवलं नव्हतं. म्हणजे जुन्या दिवसांची आठवण काढणारे म्हणतात तसा तो जिना खरोखरच एक होता. तिथपर्यंत त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

पण मला टीव्हीबद्दल सांगायचं आहे. त्या दिवशी नेहमीचे कार्यक्रम बंद होते. तीन मूर्ती भवनात इंदिराजींचं पार्थिव ठेवलं होतं आणि तासन् तास तेच दृश्य चालू होतं: रांग, फुलं, रडणारी माणसं. आणि मधूनमधून त्या गर्दीतून येणाऱ्या घोषणा. त्यांत सूडाच्या घोषणाही होत्या. हे प्रक्षेपण घराघरांत गेलं आणि त्या घोषणाही गेल्या, हे पुढे अनेकांनी नोंदवून ठेवलं. आमच्याकडे टीव्ही चालू होता, कारण बाहेर काय चाललंय ते कळायला दुसरं साधन नव्हतं. पहिली घोषणा आली तशी आईनं झटकन उठून बटण फिरवलं. चित्र आकसून ठिपका झालं आणि गेलं.

आवाज मात्र थांबला नाही. तो खालच्या अलाहाबादच्या घरातून येत होता, शेजारच्या जिन्यातून येत होता, मागच्या ओळीतल्या क्वार्टरांतून येत होता. दिल्लीत त्याच सप्टेंबरात दुसरं चॅनल सुरू झालं होतं, पण त्या दिवशी साऱ्या वसाहतीत चित्र एकच होतं. आईनं खिडकी लावली, पडदा ओढला, मग उगीचच मिक्सर लावला. बीजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर गुटका उघडा. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, 'रहण दे, पुत्तर. एह आवाज़ मैं सुणी होई ए.' राहू दे, हा आवाज माझा ऐकलेला आहे.

म्हणून कुणी 'एकच चॅनल होतं' असं सुखानं म्हणालं की मला आमच्या बंद टीव्हीतून येत राहिलेला तो आवाज आठवतो. सगळे एकच पाहत होते, हे खरं. पण एकाच खोलीत एकच गोष्ट पाहणाऱ्या माणसांपैकी काहींना ती दुखवट्याची बातमी होती आणि काहींना पुढच्या तासाची धमकी.

दिल्लीत त्या दिवसांत मारल्या गेलेल्यांचा सरकारी आकडा २,७३३ आहे. आमच्या खालचं कुटुंब त्या आकड्यात नाही. तीन रात्री वर राहून ते खाली गेले. अंकलनी काही दिवसांनी ऑफिसला जायला सुरुवात केली. दूरदर्शनवर नेहमीचे कार्यक्रम परत आले, बडकी आणि छुटकी परत आल्या. पण आम्ही खाली गेलो नाही.

कुणी येऊ नका म्हणालं नव्हतं. भांडण तर नव्हतंच. फक्त ज्यांना तीन रात्री आपल्या मागच्या खोलीत लपवलं त्यांच्या दिवाणावर जाऊन, पाय दुमडून, 'आज बडकी का क्या होगा' असं म्हणत कसं बसायचं, हे आईला समजेना. आणि ज्यांच्या घरी आपण लपलो त्यांना पूर्वीसारखं 'आओ जी, बैठो' कसं म्हणायचं, हे बहुधा त्यांनाही समजेना. आम्ही वर आमच्या काळ्या-पांढऱ्या संचावर 'हम लोग' पाहू लागलो. खाली रंगीत संचावर तोच भाग चालू असे. फरशीतून अशोककुमारांचा आवाज वर येई आणि आमच्या टीव्हीतल्या आवाजात मिसळून जाई. खालच्या घराची नेमप्लेट आमच्या कपाटात, 'महाराष्ट्र टाइम्स'च्या जुन्या अंकात गुंडाळलेली होती. ती कुणी मागितली नाही आणि बाबांनी नेऊन दिली नाही. न मागता नेऊन देणं म्हणजे आता सगळं ठीक आहे असं आपणच ठरवून टाकणं, असं त्यांना वाटत असावं.

१९८५ मध्ये 'रजनी' आली. गॅस सिलिंडरवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारणारी, साडीतली, मोठ्या कुंकवाची प्रिया तेंडुलकर. विजय तेंडुलकरांची मुलगी ती, हे दिल्लीत कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण आई प्रत्येकाला सांगे. रेशनच्या दुकानात आईनं मापाबद्दल आवाज चढवला की मागून कुणीतरी म्हणे, 'लो, रजनी आ गई.' आम्ही मद्रासी होतो ते त्या वर्षी रजनीवाले झालो. याच काळात माहिती आणि प्रसारण खातं पुण्याच्या विठ्ठलराव गाडगिळांकडे होतं. बाबा म्हणत, 'टीव्हीचे मंत्री मराठी, टीव्हीवरची बाई मराठी, फक्त मराठी तेवढं नाही.' १७ डिसेंबर १९८५ ला 'हम लोग' संपलं. शेवटचा भाग वरच्यांनी वर आणि खालच्यांनी खाली पाहिला.

पुढच्या वर्षी 'बुनियाद' सुरू झालं. लेखक तेच, मनोहर श्याम जोशी. दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप. फाळणीच्या आधीचं लाहोर, मास्टर हवेलीराम, लाजोजी, मग सगळं सोडून दिल्ली. पहिले काही भाग झाल्यावर एका संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी काठी वाजली. बीजी खालून आईला हाक मारत होत्या. 'नी मराठण! बुनियाद आण लग्गा ए. थल्ले नहीं आणा?' बुनियाद लागतंय, खाली यायचं नाही का?

आई हातातली कणीक तशीच ठेवून खाली गेली. मागोमाग मी. समोरचं दार उघडलं आणि तंजावरच्या आंटी आल्या. अलाहाबादच्या भाभी बहुतेक आधीपासूनच दाराशी उभ्या होत्या.

'बुनियाद' आम्ही बीजींच्या टिपणीसह पाहिलं. हे घर असं नव्हतं, लाहोरच्या बायका दुपट्टा असा घेत नाहीत, हा मुलगा पुढे वाया जाणार बघ. जाहिरात लागली की त्या लायलपूर सांगायच्या: घंटाघर, त्याभोवतीचे आठ बाजार, घराच्या मागचं तुतीचं झाड. आईनं त्यांना एकदा विचारलं, 'बीजी, घर को ताला लगाया था आते समय?' बीजी म्हणाल्या, लावलं होतं, किल्ली बरीच वर्षं सांभाळली. १९४७ बद्दल त्या तासन् तास बोलत. १९८४ बद्दल त्या खोलीत कुणी चकार शब्द काढला नाही. पण 'बुनियाद' चालू असतानाच एका रविवारी अंकल वर आले आणि बाबांना म्हणाले, 'भाईसाहब, ज़रा पेचकस देना.' बाबांनी पेचकस दिला आणि कपाटातून ती गुंडाळी काढून दिली. दोघं मिळून खाली गेले. चार स्क्रू लावायला त्यांना पाऊण तास लागला.

जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींचं 'तमस' लागलं, भीष्म साहनींच्या कादंबरीवरचं. त्याच्यावर बंदी आणावी म्हणून खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ते स्वतः पाहून प्रक्षेपण होऊ दिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. वर्तमानपत्रांतून वाद चालला होता की लोकांना हे दाखवावं का. आमच्या जिन्यातही चालला. पहिल्या भागाला सगळे जमले. सुरुवातीची डुकराची धावपळ संपते न संपते तोच बीजी खुर्चीतून उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि मटार सोलत बसल्या. आई त्यांना बोलवायला गेली तेव्हा म्हणाल्या, 'तुसीं देखो. मैं देख्या होया ए.' तुम्ही बघा, मी पाहिलेलं आहे. आई परत आली नाही. तीही आत मटार सोलत बसली.

त्या वर्षांत मराठी आमच्या वाट्याला यायचं ते रविवारी दुपारी. प्रादेशिक भाषांतले चित्रपट तेव्हा दाखवत, प्रत्येक भाषेची पाळी येई. मराठीची वर्षातून काही वेळाच. त्या दिवशी आई स्वयंपाक अकरालाच उरकायची. बीजी आग्रहानं तो सिनेमा बघत. उपशीर्षकं इंग्रजी, म्हणून आई शेजारी बसून त्यांना हिंदीत सांगत जाई. मी तिचं भाषांतर ऐकत असे. पडद्यावरची बाई म्हणायची, 'आम्ही निघतो,' आणि आई सांगायची, 'हम चलते हैं.' थोड्या वेळानं तीच बाई म्हणायची, 'आपण निघू,' आणि आई पुन्हा सांगायची, 'हम चलते हैं.' पहिल्यात ती नवऱ्याला सोडून जात होती, दुसऱ्यात त्याला घेऊन. बीजी विचारायच्या, 'कल्ली जांदी ए कि नाल?' एकटी जातेय की बरोबर? मग आईला थांबून समजावून सांगावं लागे. समजावून सांगायला ती जागा होती, वेळ होता, आणि विचारणारं माणूस शेजारी होतं.

१९८८ मध्येच आर. के. लक्ष्मण यांचा 'वागले' आला. पडद्यावर एक मराठी आडनाव आणि भारती आचरेकरांची राधिका. बाबांना ऑफिसात वागळेजी म्हणायला लागले. बाबांचं आडनाव वागळे नाही, पण ते ओ द्यायचे. २ ऑक्टोबरला 'महाभारत' सुरू झालं आणि नीतीश भारद्वाज कृष्ण झाला. आईनं तोही आपल्यात जमा करून टाकला. रविवारी सकाळी रिंग रोड ओस पडे. तोवर जिन्यातल्या चारही घरांत रंगीत संच आले होते. बीजींच्या खोलीत फक्त बीजींसाठी जाणारे उरले होते, म्हणजे आई, आणि अधूनमधून मी. १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी सुरू झालं आणि गच्चीवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबू लागल्या. बीजी त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या.

आईला मराठी टीव्ही मिळाला तो १९९९ मध्ये, अल्फा मराठी केबलवर आलं तेव्हा. बाबा निवृत्त झाले होते आणि आम्ही यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या वैशालीत फ्लॅट घेऊन राहायला गेलो होतो. रोज संध्याकाळी 'आभाळमाया'. शुद्ध मराठी, भाषांतराची गरज नाही, शेजारी कुणी 'काय म्हणाली?' असं विचारणारं नाही. सतरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते घरात आलं, तेव्हा घराचं दार लोखंडी जाळीचं होतं आणि शेजाऱ्यांची नावं इंटरकॉमच्या यादीत होती. आई मालिका आवडीनं पाहायची. पण जाहिरात लागली की सवयीनं उजवीकडे वळून हिंदीत काहीतरी बोलायची, आणि तिथे बाबा पेपर वाचत बसलेले असायचे.

भाऊ आणि मी एकमेकांशी हिंदीतच बोलतो. त्याची मुलं गुडगावात वाढली; त्यांना मराठी कळतं, बोलता येत नाही. याचा दोष द्यायचा तर 'हम लोग'लाही थोडा द्यावा लागेल. ज्या भाषेनं आईला जिना दिला त्याच भाषेनं आमच्यातून मराठी हळूहळू काढून घेतली. हा सौदा आईला कुणी विचारून केला नव्हता. विचारला असता तर तिनं काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे असं मी म्हणणार नाही.

२०१६ मध्ये सात सरकारी वसाहती पाडून नव्यानं बांधायचा निर्णय झाला, त्यात नेताजीनगरही आलं. २०१८ मध्ये झाडं तोडण्यावरून दिल्लीत आंदोलन झालं, उच्च न्यायालयानं तोड थांबवली, पण क्वार्टरं गेलीच. आता तिथे उंच इमारती आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि २८ तारखेपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांत पुन्हा तेच वाक्य आलं, सगळा देश एकत्र बसून बघतोय. आई वैशालीत एकटी बघत होती. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. खालच्या आंटी, बीजींच्या सूनबाई, आता मोहालीला मुलाकडे असतात. त्यांनी फोन केला. मग दोघींनी रोज फोन स्पीकरवर ठेवून 'रामायण' बघायला सुरुवात केली. मोहालीचं प्रक्षेपण वैशालीच्या क्षणभर मागे येई, त्यामुळे प्रत्येक संवाद दोनदा ऐकू यायचा. आई म्हणाली, अगदी फरशीतून यायचा तसा.

त्या दिवसांत आई जुन्या गोष्टी बोलायला लागली. मी ऐकताना तिची सर्वनामं मोजत होते. 'आपण खाली बसून हम लोग बघायचो.' 'आपण बीजींबरोबर मटार सोलले होते.' या 'आपण'मध्ये मी होते, जिना होता, सगळेच होते. पण नोव्हेंबरचा विषय निघाला की शब्द बदलायचा. 'आम्ही त्यांना वर आणलं.' 'आम्ही टीव्ही बंद केला.' छत्तीस वर्षांनंतरही त्या तीन दिवसांसाठी आईच्या तोंडी 'आपण' येत नव्हतं. मराठी बोलताना तिला बाजू घ्यावीच लागत होती, आणि ज्यांना मारायला निघाले होते त्यांच्या बाजूला स्वतःला बसवायची तिची हिंमत नव्हती. तो तिचा सभ्यपणाच होता.

एकदा फोन स्पीकरवर होता. 'रामायण' संपलं होतं, बातम्या लागायच्या होत्या. आंटींच्या नातीनं मागून काहीतरी विचारलं, तुम्ही दोघी एकमेकींना कशा ओळखता, असं काहीसं. आंटी हिंदीत तिला म्हणाल्या, 'बेटा, चौरासी में तीन दिन हम लोग ऊपर थे.'

आईनं फोनकडे पाहिलं आणि म्हणाली, 'हाँ. हम लोग ऊपर थे.'

त्या वाक्याचं मराठी मी अजून केलेलं नाही.